विद्यापीठांची सावड : कर्मचाऱ्यांची अल्पमुदतीची प्रतिनियुक्ती

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला म्हणजे पेरणीचे काम थोड्याच दिवसांत उरकावे लागते. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती बियाण्याची पिशवी आली नाही, तर त्या वाणावर दहा वर्षे झालेले संशोधन त्या हंगामापुरते तरी त्याच्या उपयोगी पडत नाही. पिशवी वेळेवर का आली नाही, याचा शोध घेऊ लागल्यास दोष नेहमी शास्त्रज्ञाकडे जातो असे नाही. पुष्कळदा तो एखाद्या टेबलावर, एखाद्या नोंदवहीत किंवा मंजुरीसाठी थांबलेल्या कागदात सापडतो.

वाण शोधून काढणे हे शास्त्रज्ञाचे कार्य होय. परंतु त्याच्या प्रक्षेत्रावरून ते बियाणे बांधापर्यंत येते ते अनेक कचेऱ्यांच्या हातांतून. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे तयार होत असता पिशवीवरील टॅगचा रंग बदलत जातो. पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळा, पायाभूतास पांढरा व प्रमाणितास निळा टॅग लावतात. त्या प्रत्येक रंगामागे मागणीची नोंद, पिशव्यांची खरेदी, लॉटची वही, तपासणीचा अहवाल, दरास मंजुरी आणि रोख रकमेचा भरणा एवढे कारकुनी काम उभे असते. माती परीक्षणाचेही असेच आहे. प्रयोगशाळेत नमुना एका दिवसात तपासला गेला, पण पत्रिका लिहून निघण्यास तीन आठवडे लागले, तर शेतकऱ्याने खताचा पहिला हप्ता अंदाजानेच दिलेला असतो. यास्तव कृषि विद्यापीठाच्या प्रशासनाचा प्रश्न केवळ विद्यापीठापुरता राहत नाही.

महाराष्ट्रात आज चार कृषि विद्यापीठे आहेत. १९६८ साली राज्यासाठी एकच विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९६९ साली विदर्भासाठी अकोला येथे पंजाबराव कृषि विद्यापीठ निघाले, राहुरीच्या विद्यापीठास महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि १९७२ साली कोकणासाठी दापोली व मराठवाड्यासाठी परभणी अशी आणखी दोन विद्यापीठे झाली. तत्पूर्वी शेतकी महाविद्यालये व संशोधन केंद्रे प्रामुख्याने शासनाच्या कृषि खात्याकडे होती. म्हणजे चारही घरे एकाच वाड्यातून विभक्त झालेली. आज चौघांना कायदाही एकच, १९८३ चा, लागू आहे आणि त्यांच्या कामात मेळ राहावा म्हणून पुणे येथे महाराष्ट्र कृषि शिक्षण व संशोधन परिषद आहे. तरीसुद्धा विभक्त झालेल्या भावांच्या चुली जशा हळूहळू वेगळ्या चवीच्या होतात, तसेच येथेही होते. कायदा एक असला तरी बियाणे विक्रीची वही कशी ठेवावी, मजुरांची हजेरी कोणी तपासावी, प्रक्षेत्रावरील उत्पन्न कोणत्या दिवशी भरावे, याच्या वहिवाटी त्या त्या ठिकाणी घडत जातात. त्यांतील काही वहिवाटी उत्तम असतात आणि शेजारच्या विद्यापीठाला त्यांचा पत्ताही नसतो.

शास्त्रज्ञांच्या बाबतीत ही उणीव पुष्कळशी भरून निघाली आहे. चारही विद्यापीठांची संयुक्त कृषि संशोधन व विकास समिती, जिला सर्वजण संयुक्त ॲग्रेस्को म्हणतात, आळीपाळीने एकेका विद्यापीठात भरते. नवे वाण, नवी यंत्रे व लागवडीच्या शिफारशी तेथे सर्वांसमोर तपासल्या जातात. परंतु भांडारपाल, लेखापाल, परीक्षा विभागातील सहायक, प्रक्षेत्राचा हिशेब ठेवणारा लिपिक यांना दुसऱ्या विद्यापीठातील आपल्या बरोबरीच्या माणसाचे तोंड पाहण्याचा प्रसंग क्वचित येतो. त्यांचा संबंध पत्राने, आणि तोही बहुधा स्मरणपत्राने. ही उणीव भरून काढण्याचा एक साधा उपाय म्हणजे अल्पमुदतीची प्रतिनियुक्ती.

प्रतिनियुक्ती हा शब्द सरकारी नोकरीत नवा नाही. मात्र त्याचा रूढ अर्थ निराळा आहे. एका खात्याचा माणूस काही वर्षांकरिता दुसऱ्या संस्थेकडे जातो, मूळ पदावर त्याचा धारणाधिकार राहतो, वेतन नवी संस्था देते आणि निवृत्तिवेतनाचे अंशदानही सामान्यतः तिच्याकडूनच येते. हीच स्वीयेतर सेवा होय आणि तिच्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवेचे १९८१ चे स्वतंत्र नियम आहेत. येथे ज्या प्रतिनियुक्तीचा विचार करावयाचा आहे ती याहून लहान व हलकी आहे. कर्मचारी काही आठवड्यांपुरता जातो. वेतन आपल्याच संस्थेकडून घेतो, दुसऱ्या संस्थेच्या टेबलावर बसून तिचे काम करतो आणि आपल्या जागी परत येतो. पहिल्या प्रकारात रिकामी जागा भरणे हा हेतू असतो. दुसऱ्या प्रकारात काम शिकणे व शिकविणे हा.

शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. गावोगाव सावड आहे. ज्याच्या गोठ्यात एकच बैल, त्याने दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवावयाची. औत इतके दिवस याच्या रानात, तितके दिवस त्याच्या रानात. इर्जिकीत आणि सावडीत फरक आहे. इर्जिकीला सारा गाव येतो, धनी जेवण घालतो, एका दिवसात काम उरकते आणि कोणी हिशेब मांडत नाही. सावडीत दिवस मोजलेले असतात. आलेल्या बैलाला वैरण कोणी घालावी, पाऊस लागून औत उभे राहिले तर तो दिवस कोणाच्या खाती धरावा, हेही आधी ठरलेले असते. संस्थांमधील पाहणी दौरे इर्जिकीसारखे होतात. जेवण होते, हारतुरे होतात आणि सर्वजण संध्याकाळी परततात. अल्पमुदतीची प्रतिनियुक्ती सावडीसारखी व्हावयास हवी.

माणसे पाठवून संस्था उभी करण्याचा अनुभव कृषि विद्यापीठांना जन्मापासूनचा आहे. ही कल्पनाच परदेशातून आली. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढण्यात आली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रे जोडली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारकार्य. शिक्षण, संशोधन व विस्तार हे तिन्ही एका छपराखाली आणण्याची ही रीत भारताने घ्यावी काय, याचा विचार १९५५ साली संयुक्त भारत-अमेरिका पथकाने केला आणि १९६० साली पंतनगर येथे देशातील पहिले कृषि विद्यापीठ सुरू झाले. त्याला इलिनॉय विद्यापीठाचे साहाय्य होते. पुढे लुधियानाला ओहायो, आंध्राला कॅन्सस, म्हैसूरला टेनेसी, ओरिसाला मिसूरी आणि महाराष्ट्राला पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ अशा जोड्या जमल्या. तिकडचे प्राध्यापक इकडे येत आणि इकडचे तिकडे जात.

या जोड्यांतून बियाणे व यंत्रे आली हे सर्वांना ठाऊक आहे. तथापि त्यांतून कचेरीची रीतही आली, आणि ती रुजविणे अधिक कठीण होते. जुन्या विद्यापीठांत वर्षाअखेर एकच मोठी परीक्षा, प्रश्नपत्रिका बाहेरच्या परीक्षकाची आणि निकाल दोन महिन्यांनी. नव्या कृषि विद्यापीठांत वर्षाची सत्रे पडली, विषयांना श्रेयांक आले आणि जो शिकवितो त्यानेच गुण द्यावेत असे ठरले. कायद्याचा नमुना कागदावर तयार करता येतो. परंतु एका सत्रात शेकडो विद्यार्थ्यांचे वेगवेगळ्या विषयांचे गुण आठवड्यात गोळा करून पत्रके कशी काढावयाची, नापास झालेल्याने तोच विषय पुन्हा केव्हा घ्यावयाचा, शिक्षकाने पक्षपात केला अशी तक्रार आल्यास ती कोणी ऐकावयाची, हे कोणत्याही कायद्यात पूर्णपणे लिहिलेले नसते. ते काम रोज करणाऱ्याच्या शेजारी बसूनच कळते. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन साहाय्याचे हे करार संपले, माणसे परत गेली. श्रेयांकाची पद्धती मात्र राहिली.

आज युरोपात ही रीत बरीच पुढे गेलेली दिसते. तेथे १९८७ साली इरॅस्मस नावाची योजना विद्यार्थ्यांकरिता सुरू झाली. एका देशाच्या विद्यार्थ्याने एक-दोन सत्रे दुसऱ्या देशात शिकावीत आणि तो अभ्यास स्वदेशी धरला जावा, अशी ती योजना. यासाठी विद्यार्थी, पाठविणारी संस्था व स्वीकारणारी संस्था यांचा आधी लेखी करार होतो. थोड्याच काळात असे अनुभवास आले की, दोन कचेऱ्यांची एकमेकींशी ओळख नसेल तर विद्यार्थ्याचे श्रेयांक वाटेतच अडकतात. पुढे त्या योजनेत कर्मचाऱ्यांनाही स्थान मिळाले. शिक्षक तर जातातच, पण प्रशासनातील माणूसही दोन दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत दुसऱ्या संस्थेत जाऊ शकतो. संशोधनाच्या क्षेत्रात मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी यांच्या नावाच्या योजनेत एक ते बारा महिन्यांची प्रतिनियुक्ती आहे आणि तिच्यात शास्त्रज्ञांबरोबर प्रशासकीय व तांत्रिक कर्मचारीही येतात. गेलेल्या माणसाने आपल्या संस्थेत परत यावे आणि शिकलेले तेथे रुजवावे, हा त्या योजनेचा गाभा आहे. दोन दिवसांच्या भेटीतून कितपत साधते याविषयी शंका घेता येईल. तेवढ्या वेळात माणसाला फार तर टपाल कोठे येते ते कळेल.

महाराष्ट्रातील चार विद्यापीठांना इतके दूर जावयाचे कारण नाही. भाषा एक, कायदा एक, हिशेबाच्या पद्धती एकाच मुळातून आलेल्या. राहुरीचा माणूस परभणीला किंवा अकोल्याचा दापोलीला एका दिवसाच्या प्रवासाने पोचतो. अडचण अंतराची नसून वेळेची आहे, आणि ती खरी अडचण आहे.

समजा, एका विद्यापीठाच्या बियाणे भांडारातील भांडारपालास दुसरीकडे पाठवावयाचे आहे. त्याने खरे काम पाहावयाचे तर मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जावयास हवे. कारण बियाणे विक्रीची गर्दी तेव्हाच असते. परंतु नेमक्या त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या भांडारापुढे शेतकऱ्यांची रांग लागलेली असते. वरिष्ठ त्याला सोडत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसते. मग त्याला ऑगस्टमध्ये पाठवितात. तेव्हा यजमान विद्यापीठाचे भांडार रिकामे असते, वह्या बंद झालेल्या असतात आणि त्याला पाहुण्यासारखे बसवून चहा दिला जातो. असे तीन आठवडे गेले तर त्याची आणि यजमानांची दोघांचीही वेळ फुकट जाते.

यातून वाट दोन प्रकारे निघते. पहिली म्हणजे खरी सावड : एकाच वेळी दोघांनी एकमेकांच्या जागी जावे. खुर्ची रिकामी राहत नाही. मात्र नव्या माणसाला यजमानाच्या वह्या समजण्यास पहिला आठवडा लागतो आणि गर्दीच्या दिवसांत तो आठवडा महाग पडतो. म्हणून अशी अदलाबदल विक्री सुरू होण्यापूर्वीच, पिशव्या भरणे, टॅग लावणे व लॉटची नोंद करणे ही कामे चालू असतानाच करावी. दुसरी वाट हंगामाच्या फरकाची. कोकणात खरिपाच्या भाताचाच भर. तेथील भांडारपालास सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुलनेने सवड असते. नेमक्या त्याच वेळी राहुरी किंवा परभणीकडे रब्बी ज्वारी व हरभऱ्याच्या बियाण्याची धांदल असते. दापोलीचा माणूस तेव्हा तिकडे गेल्यास तो कामास उपयोगी पडेल आणि शिकेलही. परीक्षा विभाग, लेखा विभाग यांनाही असेच आपापले सुगीचे दिवस असतात. मार्चअखेर लेखापालाला कोणीही सोडणार नाही. पण परीक्षा विभागातील माणूस लेखापालासारखा मार्चने बांधलेला नसतो. ही वेळापत्रके एकदा चौघांनी शेजारी मांडून पाहिली तर कोणाला केव्हा पाठवावे हे बहुतेक आपोआप ठरेल.

आता त्याने तेथे पाहावयाचे काय? बियाणे विक्रीचेच उदाहरण घेऊ. शेतकरी सकाळच्या एस. टी. ने येतो. एका खिडकीवर सातबारा किंवा ओळखपत्र दाखवून नोंद, दुसरीवर पैसे, तिसरीवर पावती दाखवून पिशवी, असा क्रम असेल तर त्याला तीन रांगा लागतात. दुपारची गाडी चुकली की त्याची मजुरी व एक दिवस दोन्ही गेले. दुसऱ्या ठिकाणी नोंद व पैसे एकाच खिडकीवर घेत असतील आणि शिल्लक साठ्याचा फलक दर तासाला बदलत असतील, तर शेवटच्या शेतकऱ्याला बियाणे संपल्याचे दोन तास उभे राहिल्यावर कळत नाही. असा फरक परिपत्रकात लिहून पाठविला तर त्याचे उत्तर ठरलेले असते : येथे जागा नाही, माणसे नाहीत. परंतु ज्याने स्वतः त्या एकाच खिडकीमागे बसून पंधरा दिवस पैसे मोजले, त्याला ती जागा किती लागते आणि रोकड कशी जुळवावी हे नेमके ठाऊक असते. तो परत आल्यावर वाद घालत नाही, टेबल हलवितो.

पाठवावयाच्या माणसाची निवड हा नाजूक भाग आहे. सावडीला कोणी लंगडा बैल पाठविला तर पुढल्या वर्षी त्याच्याशी कोणी जोडी जमवीत नाही. कचेरीत मात्र उलट मोह होतो. ज्याच्यावाचून काम अडत नाही तो मोकळा, म्हणून त्यालाच पाठवितात. किंवा ज्याची सेवानिवृत्ती जवळ आली त्याला एक मान म्हणून. पहिल्याकडून यजमानास काही मिळत नाही आणि दुसऱ्याने शिकलेले त्याच्याबरोबर घरी जाते. ज्याच्यावाचून काम खरोखर अडते, ज्याला अजून दहा-पंधरा वर्षे नोकरी आहे, आणि ज्याच्या हाती निदान एक वही आहे, अशालाच पाठविणे इष्ट. स्त्री कर्मचाऱ्यांची नावे पुष्कळदा राहण्याच्या गैरसोयीचे कारण देऊन गाळली जातात. परीक्षा व लेखा विभागांत त्या मोठ्या संख्येने काम करीत असतील तेथे हे कारण टिकणारे नाही. विद्यापीठाच्या अतिथिगृहात एक खोली आधी राखून ठेवली म्हणजे ते संपते.

आदेश काढताना चार ओळी अधिक लिहिल्या तर पुढे पुष्कळ पत्रव्यवहार वाचतो. प्रतिनियुक्तीचा काळ कर्तव्यकाळ समजला जाईल, रजेत धरला जाणार नाही. प्रवासभत्ता व दैनिक भत्ता कोणती संस्था देईल. त्या काळात कर्मचारी कोणाच्या हाताखाली काम करील आणि त्याची हजेरी कोण कळवील. सेवापुस्तकात नोंद कोण घेईल. दैनिक भत्ता सहा महिन्यांनी मिळाला तर पुढच्या वेळी जाण्यास कोणी तयार होत नाही, एवढी लहान गोष्ट मोठ्या योजना मोडते. यजमान संस्थेनेही आपल्या बाजूने स्पष्ट असावे. न उघडलेल्या निविदांचे दर, परीक्षेपूर्वीच्या प्रश्नपत्रिका, कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल या गोष्टी पाहुण्यास दाखवावयाच्या नसतात, हे पहिल्याच दिवशी सांगावे. म्हणजे उरलेल्या सर्व वह्या मोकळ्या मनाने उघडता येतात.

मुदत तीन आठवड्यांहून कमी नसावी व दोन महिन्यांहून अधिक असू नये, असे म्हणता येईल. कमी असेल तर माणूस पाहुणाच राहतो. अधिक झाली तर त्याच्या मूळ टेबलावर दुसरा बसविला जातो आणि परत येणाऱ्याला वेगळ्या विभागात टाकतात. ही शेवटची गोष्ट सर्वांत हानिकारक होय. बियाणे विक्री शिकून आलेला भांडारपाल परतल्यावर वाहन विभागात गेला, तर गावकरी म्हणतील तसे, पेरले एका रानात आणि राखण दुसऱ्या रानात. म्हणून परतल्यानंतर निदान दोन हंगाम त्याला त्याच कामावर ठेवण्याची हमी आदेशातच असावी.

अशीच सावड विद्यापीठ व कृषि खाते यांच्यातही जमू शकते. तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कचेरीतील बियाणे मागणीचे काम पाहणारा माणूस चार आठवडे विद्यापीठाच्या बियाणे विभागात बसला, तर पैदासकार बियाण्याची मागणी इतकी आधी का नोंदवावी लागते हे त्याला पटेल. कारण यंदा मागितलेले बियाणे यंदाच पेरून तयार होत नसते. उलट विद्यापीठाचा माणूस पेरणीच्या तोंडावर तालुक्याच्या कचेरीत बसला तर त्याला कोणत्या गावचा शेतकरी कोणत्या वाणासाठी तीन फेऱ्या मारून गेला हे समोरच दिसेल.

परतलेल्या कर्मचाऱ्याकडून वीस पानांचा अहवाल मागविण्याची प्रथा आहे. त्यापेक्षा त्याने एकच नमुना, एकच वही किंवा एकच क्रम निवडून पुढच्या हंगामात तो चालवून दाखवावा, आणि ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या यजमान संस्थेच्या माणसास विक्रीच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस बोलावून घ्यावे. तो येऊन खिडकीपाशी उभा राहील, रांग पाहील आणि कोठे चुकते आहे ते तेथल्या तेथे सांगेल.